माळरान रिकामं नसतं: खान्देशातली ढोरं, मेंढरं आणि गायरान

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, किंवा एसटीत रेंज जाते म्हणून भाग अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ जरा कमी केलेत.

आजचा विषय ऐकून दोघा मित्रांनी विचारलं, ‘अरे, तू सॉफ्टवेअरवाला, तुला गवताचं काय पडलंय?’ एक कारण असं की संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. प्रस्ताव मंगोलियाचा होता. दुसरं कारण घरचं आहे. माझ्या मामाच्या गावात गायरानावर सौर पॅनल बसवायचा विषय ग्रामसभेत आला आणि गाव दोन गटांत वाटलं गेलं. त्याबद्दल पुढे बोलतो.

‘रँच’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. टोपी, घोडा, हजारो एकरांचं कुंपण. असलं काही खान्देशात नव्हतं. पण गुरं राखणाऱ्यांचा मुलुख म्हणाल तर आपल्याइतका जुना दाखला शोधावा लागेल. आपण घरी जी अहिराणी बोलतो तिचं नावच अहिरांवरून आलंय. अहिर म्हणजे संस्कृतातले आभीर, गुरं पाळणारे लोक. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. म्हणजे पुण्यात कुणी अहिराणीला हसलं तर त्याला सांगा, भो, आमच्या भाषेचं नाव गोठ्यातून आलंय आणि त्या गोठ्याचे लोक राजे होते.

अजून एक शब्द घ्या, खिल्लार. बैलगाडा शर्यतीच्या रील्समुळे आता सगळ्यांना माहीत झालाय. पांढरा, उंच, तलवारीसारख्या शिंगांचा बैल. खिल्लार याचा मूळ अर्थ गुरांचा कळप, आणि खिल्लारी म्हणजे तो कळप राखणारा. राखणाऱ्याचं नाव जातीला चिकटलं. या जातीचे जे उपप्रकार सांगतात त्यात आटपाडी महाल, म्हसवड यांच्याबरोबर एक ‘तापी खिल्लार’ किंवा ‘थिल्लारी’ आहे, आपल्या पश्चिम खान्देशातला. आपल्याकडची काळी जमीन कपाशीसाठी नांगरायला तगडे बैल लागायचे. ते बैल काळ्या जमिनीत तयार होत नव्हते. ते तयार व्हायचे डोंगर-उतारांवर, बरडावर, जिथे पीक येत नाही पण गवत येतं. बरड आणि काळी जमीन हा एकच धंदा होता. आज आपण बरडाला निकामी म्हणतो तेव्हा या धंद्याचं अर्धं खातंच पुसून टाकतो.

आता हे बिघडलं कधी? थोडा इतिहास, पण झटपट.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा लढाया, लूट आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने बरीच गावं ओस पडलेली होती. माणसं कमी, रान जास्त. कंपनी सरकारला महसूल हवा होता आणि महसूल येतो तो नांगरलेल्या जमिनीतून. मग मोजणी आली. १८५२ मध्ये सावदा, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी या मोजणीविरुद्ध उठाव केला, सरकारला फौज आणावी लागली. शाळेच्या पुस्तकात हे मी वाचलेलं नाही, आणि मी एरंडोलपासून तासाभरावर वाढलोय! पुढे १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि खान्देशातली पडजमीन भराभर कपाशीखाली गेली.

मग दोन कायदे आले. १८७१ चा कॅटल ट्रेसपास ॲक्ट, म्हणजे कोंडवाड्याचा कायदा. गावातला तो पडका कोंडवाडा आठवतोय? ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरलं की आत टाकायचं आणि दंड भरून सोडवायचं. आणि १८७८ चा वन कायदा, ज्याने राखीव जंगल ही कल्पना पक्की केली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा लोकांना आणि डोंगरावर मेंढरं नेणाऱ्या धनगरांना एका पिढीत कळलं की कालपर्यंत जे रान होतं ते आता कंपार्टमेंट नंबर आहे.

मी याच्याकडे माझ्या धंद्याच्या नजरेने बघतो. मोजणी म्हणजे डेटाबेस. प्रत्येक सर्व्हे नंबरच्या ओळीत मालकाचा एक रकाना. आता सांगा, ज्या जमिनीवर पावसाळ्यात गावाची गुरं, दिवाळीनंतर ठेलाऱ्यांची मेंढरं आणि उन्हाळ्यात कुणाच्या तरी शेळ्या चरतात, तिचा मालक कोण? रकान्यात तीन नावं आणि तीन हंगाम बसत नाहीत. मग कारकून लिहितो ‘सरकार’, किंवा ‘पड’, किंवा ‘पोटखराबा’. कोरा रकाना वाचणाऱ्याला वाटतं की इथे काहीच नाही. ज्याने कधी खराब डेटाबेसवर काम केलंय त्याला माहितीये, कोरा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी असतात. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे रिपोर्ट चुकतात.

आणि ते चुकलेच. देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे उपग्रहावरून तयार झाले, त्यात गवताळ माळांचा मोठा भाग ‘वेस्टलँड’ म्हणून रंगवला गेला. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या दोन शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये भारताच्या कोरड्या भागातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशोबाने अशी जमीन देशाच्या सुमारे १० टक्के भरते, आणि त्यातली ५ टक्क्यांहूनही कमी कुठल्या अभयारण्यात किंवा संरक्षित क्षेत्रात आहे. म्हणजे वाघाच्या जंगलाला रक्षक आहे, लांडगा, खोकड, चंडोल राहतात त्या माळाला नाही. उलट माळावर ‘हिरवळ’ वाढवायची म्हणून चर खणून गिरिपुष्प लावायचे कार्यक्रम महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी झाले. गवतावर झाड लावणं म्हणजे वृक्षारोपण, आणि गवत राखणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्या डोक्यात बसलंय. फोटोही झाडाबरोबरच चांगला येतो ना!

आता ठेलाऱ्यांकडे येऊ. धुळे, साक्री, शिंदखेडा भागात तुम्ही त्यांना नक्की पाहिलंय. रस्त्याच्या कडेने मेंढरांचा लोंढा, मागे घोडी, त्यांच्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, कधीकधी एखादं लेकरू. आपण गाडीचा हॉर्न वाजवतो आणि वैतागतो. ठेलारी हे धनगरांपैकी, राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. पावसाळ्यात माळ आणि डोंगर, सुगी झाली की मोकळी वावरं, उन्हाळ्यात जिथे पाणी आणि पाला असेल तिथे. बाहेरून बघणाऱ्याला हे भटकणं वाटतं. प्रत्यक्षात ते एक काटेकोर वेळापत्रक आहे, आणि त्याच्या प्रत्येक थांब्यावर कुठल्या तरी शेतकऱ्याशी ठरलेलं नातं आहे.

ते नातं म्हणजे मेंढ्या बसवणं. कापणी झाली की शेतकरी मेंढपाळाला वावरात बोलावतो. रात्री जाळीच्या कुंपणात मेंढ्या बसतात. लेंडी-मूत जागच्या जागी पडतं, पावसाआधी नांगरटीत जातं. बदल्यात धान्य किंवा पैसे. ना ट्रॉली लागते, ना मजूर. त्या जाळीला धनगर लोक वाघूर म्हणतात. जळगावकरांनो, आपल्या वाघूर नदीशी या जाळीचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, पण शब्द तोच आहे आणि मला तो फार आवडतो.

कपाशीवाल्यांसाठी एक गोष्ट जरा थांबून सांगतो. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचं काय केलं ते जळगाव जिल्ह्याला सांगायला नको. ही अळी शेवटच्या वेचणीनंतर झाडावर राहिलेल्या हिरव्या, अर्धवट बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात परत येते. म्हणून हंगाम संपल्यावर वावरात शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलेली बोंडं खाऊ द्या, मग पऱ्हाटी उपटा, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञच देतात. म्हणजे ज्या मेंढपाळाला आपण ‘आलं लचांड’ म्हणतो, तो खत देतो आणि अळीचा मुक्कामही मोडतो. याचं बिल कुठे लागत नाही, म्हणून किंमत वाटत नाही. फरदड घ्यायची म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवली की अळीची सोय होते आणि मेंढरांचा रस्ताही बंद होतो. ठिबकवर उन्हाळी पीक घेतलं तरी तेच. शेतकऱ्याला मी यात दोष देत नाही, चार पैसे जास्त मिळत असतील तर तो घेणारच. पण मेंढपाळाच्या वेळापत्रकातला एकेक थांबा असाच गळत गेला.

थांबे गळाले की काय होतं? तेवढीच मेंढरं उरलेल्या माळावर जास्त दिवस राहतात. आणि इथे गवताचं शास्त्र येतं.

आपल्याकडची चांगली गवतं, म्हणजे पवन्या, शेडा, मारवेल, ही बहुवर्षायू आहेत. वरचा भाग वाळला तरी मूळ जिवंत राहतं आणि पहिल्या पावसात फुटतं. पण त्यांना बी धरायला आणि मुळात अन्न साठवायला वेळ लागतो, साधारण दिवाळीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये कोवळं असतानाच ते दर आठवड्याला खाल्लं गेलं तर मूळ दमतं. दोन-चार वर्षांत पवन्या गायब होतो आणि त्या जागी कुसळी येतं. कुसळी कोवळेपणी ढोर खातं, पण कुसळ धरलं की ते मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात घुसतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे तरोटा. माळावर नुसता तरोटा पिवळा फुललेला दिसला, तर समजायचं की खाण्याजोगं जे होतं ते संपलंय. फोटोला सुंदर दिसतो, ढोर त्याला तोंड लावत नाही.

मग इलाज काय? आपल्या धुळे तालुक्यातच एक उत्तर आहे, लामकानी. गावामागच्या टेकड्या उघड्या पडलेल्या, पाऊस कमी, उन्हाळ्यात पाण्याची ओरड. धुळ्यात पॅथॉलॉजिस्ट असलेले डॉ. धनंजय नेवाडकर मूळचे इथले. त्यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन या टेकड्यांवर पाणलोटाचं काम, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी सुरू केली. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की तिथे भर लागवडीवर नव्हता, राखण्यावर होता. उतारावर पाणी अडवलं, चरणं थांबवलं, आणि दडून बसलेलं गवत आपसूक वर आलं. माती थांबली, पाणी मुरलं. पुढे गवत कापून न्यायला मिळू लागलं, गोठ्यातल्या जनावरांना चारा झाला. कधी गेलात तर ऑक्टोबरमध्ये जा. डोंगरावर कमरेएवढं गवत वाऱ्यावर हलताना बघितलं की ‘धुळे म्हणजे धूळ’ हा जुना विनोद पुन्हा करावासा वाटत नाही.

साक्री तालुक्यातलं बारीपाडाही तुम्ही ऐकलं असेल. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला होतं. ती कथा जंगलाची आहे, गवताची नाही, पण गाभा तोच. गावाने स्वतः नियम केले आणि स्वतःच पाळले.

आता मला खटकणारं एक. ‘चराईबंदी’ हा शब्द आपण टाळ्या वाजवून ऐकतो. पण बंदी कुणावर? ज्याच्याकडे पाच एकर बागायत आहे त्याची म्हैस गोठ्यात मका खाते. ज्याच्याकडे एक गुंठाही नाही आणि सहा शेळ्या आहेत, त्याचं किंवा बहुतेक वेळा तिचं शेत म्हणजे तो माळ. आणि ठेलारी तर गावाचा मतदारही नसतो, त्याला ग्रामसभेत बोलायची जागाच नाही. म्हणून मला कायमची बंदी हे अर्धंच उत्तर वाटतं. गवताचं शास्त्रही कायमची बंदी मागत नाही, ते फक्त योग्य वेळी विश्रांती मागतं. दिवाळीपर्यंत एक भाग बंद, दुसरा चालू, पुढच्या वर्षी उलट. बी पडून गेल्यावर मेंढरं आत सोडली तर खुरांनी बी मातीत दाबलंच जातं. जुनी राखीव कुरणं हेच करायची, गवत पिकल्यावर कापायला खुली. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल डिलीट करायची नाही, काही वेळ लॉक करायची.

जगात यावर दोन टोकं दिसतात. अमेरिकेत १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि काही वर्षांत तिथलं मोकळं रान तुकड्या-तुकड्यांत बांधलं गेलं. सरकारी माळावर चराईला परवाने लावणारा टेलर ग्रेझिंग ॲक्ट १९३४ मध्ये आला, तोवर बरीच जमीन झिजली होती. दुसरं टोक एकदम आजचं आहे. नॉर्वेच्या नोफेन्स कंपनीचा पट्टा शेळीच्या गळ्यात बांधतात. मोबाइलवर नकाशात रेघ ओढायची, शेळी रेघेजवळ आली की पट्टा सूर काढतो, तरी पुढे गेली तर हलका झटका. शेळी सुरावरूनच मागे फिरायला शिकते. इंजिनिअर म्हणून मला हे भन्नाट वाटतं. पण साक्रीच्या डोंगरावर हेच काम एक म्हातारा, दोन कुत्री आणि एक शीळ करते, आणि त्यांना चार्जिंग लागत नाही. आपल्याकडे कुंपणाचं तंत्र कमी पडलेलं नाही. कमी पडलाय तो हक्क. रेघ कुठे ओढायची हे ठरवायचा हक्क.

कागदावर तो थोडाफार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१) मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलाय. अडचण अशी की जो अनुसूचित जमातीत नाही त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जो वर्षातले आठ महिने चालतोय त्याने रहिवासाचा पुरावा कुठून आणायचा? विजेचं बिल कुठल्या झाडाच्या नावावर काढायचं? गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा आणि त्या गावाला परत द्या. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आहे, गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधन घालणारं. सरकारच्या सार्वजनिक कामासाठी, दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर, अपवाद आहे.

आणि त्या अपवादातून आता सूर्य आत आलाय. साक्री तालुक्याला हे नवं नाही. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तुम्ही बघितल्यात, शिवाजीनगरचा महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगावी छोटे प्रकल्प येतायत आणि त्यासाठी सरकारी जमीन शोधताना नजर गायरानावर जाते. हेतू चांगला आहे, शेतीपंपाला दिवसा वीज. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला विचारा, त्याला ती वीज किती हवी आहे.

मामाच्या गावात नेमकं हेच झालं. मामा बागायतदार, तो वीज मागत होता. ग्रामसभेत कुणी तरी म्हणालं, ‘ती जागा तशीही पडूनच आहे.’ तेव्हा मागे बसलेली एक आजी उठली आणि अहिराणीत एवढंच बोलली, ‘मंग मी मन्या बकऱ्या कोठे लई जाऊ?’ सभेत हशा पिकला. उत्तर कुणीच दिलं नाही. मामा घरी येताना गप्प होता. रात्री जेवताना म्हणाला, ‘तिच्या शेळ्यांचं लेंडीखत मीच घेतो दरवर्षी.’ विषय पुढच्या सभेवर गेलाय. माझं म्हणणं मी मामाला सांगितलं: पॅनल बसवा, पण आधी गावात सरकारी पड, गावठाणाची रिकामी जागा, शाळेची आणि पंचायतीची छपरं मोजा. गायरान घ्यायचंच असेल तर किती एकर उरणार आणि तिथे कुणाची किती जनावरं चरतात, हे लिहून सभेपुढे ठेवा. मामा म्हणाला, ‘मग तूच मोज ना, शिकलाय एवढा.’ तर सध्या तेच करतोय.

तुम्हालाही करायचं असेल तर फोनवर सुरुवात होते. महाभूलेखवर गावाचा सातबारा उघडा, गायरान किंवा गुरचरण नोंद असलेले गट शोधा. महाभूनकाशावर त्यांची हद्द बघा. मग सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन, दहा मीटरपर्यंत बारकाई. एकाच जागेचं ऑक्टोबरचं आणि मे महिन्याचं चित्र शेजारी-शेजारी लावा. मे मधलं तपकिरी चित्र दाखवून कुणी ‘पडीक’ म्हणालं, तर ऑक्टोबरचं पुढे करा. पण उपग्रहाला शेळी दिसत नाही, मेंढपाळ कधी येऊन गेला तेही दिसत नाही. त्यासाठी सकाळी आठ वाजता माळावर जाऊन उभं राहावं लागतं. मी दोन रविवार गेलो. पहिल्या रविवारी ४३ शेळ्या, ११ गायी आणि एक म्हैस. दुसऱ्या रविवारी शेळ्या तेवढ्याच, आणि खालच्या अंगाला ठेलाऱ्यांचा एक वाडा उतरलेला. मेंढ्या मोजायचा प्रयत्न केला, दोनशेच्या पुढे हिशोब चुकला. वाड्यातला पोरगा हसला आणि मोजणी न करताच आकडा सांगून गेला.

पुढच्या ग्रामसभेची तारीख ठरली की काय झालं ते सांगतो. तुमच्या गावात गायरानाचा विषय निघालाय का? आवाजी मेसेज पाठवा, अहिराणीत पाठवलात तर अजून बरं, पुढच्या भागात लावतो.